कंसाचे काम कोणी करायचे?

वार्षिक परीक्षा संपल्या की आपल्या लहानमोठ्या शहरांतून मुलांच्या नाट्यशिबिरांचे दिवस येतात. शाळेचा एखादा रिकामा वर्ग, देवळाचा सभामंडप, नाहीतर सोसायटीची गच्ची मिळते आणि वीसपंचवीस मुले जमतात. आरंभी आवाजाचे व्यायाम व खेळ, मग संहितेचे वाचन, आणि शेवटी एका संध्याकाळी आईबापांसमोर पाऊण तासाचे नाटुकले, असा त्यांचा साधारण क्रम असतो. या सगळ्या खटाटोपात अवघड दिवस प्रयोगाचा, अशी आपली समजूत असते. माझ्या मते तो भूमिकावाटपाचा असतो. कोणाला राजपुत्र व्हायचे आणि कोणाला राक्षस, हा प्रश्न दिसतो सोपा. पण त्याच्या पोटात नीतिशास्त्रातला एक जुना वाद दडलेला आहे.

गेल्या मे महिन्यात अशाच एका शिबिरात मुलांचे उच्चार तपासायला मी काही दिवस जात होतो. नाटक कृष्णजन्माचे होते. कंसाचे काम एका अकरा वर्षांच्या मुलाकडे आले. दुसऱ्याच दिवशी त्याची आई शिबिर घेणाऱ्या ताईंकडे आली.

"त्याला वसुदेव द्या, नाहीतर पहारेकरी द्या ताई, पण कंस नको," ती म्हणाली. "आधीच तो धाकट्या बहिणीवर हात उगारतो. तुम्ही रोज दोन तास तेच त्याच्याकडून घोटवून घेणार!"

तिथे बसलेले दोघेतिघे हसले. मला मात्र ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी वाटली नाही. कारण त्या माउलीच्या पाठीशी फार मोठा वकील उभा होता. अदमासे २४०० वर्षांपूर्वी प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक'मध्ये हेच म्हणून ठेवले आहे. ज्यांना पुढे राज्याचे रक्षण करायचे आहे त्यांनी लहानपणी भित्र्यांची, दुष्टांची, हीनांची नक्कल करू नये. कारण कोवळ्या वयापासून चालत आलेली नक्कल देहात, वाणीत व मनात भिनते आणि तिचाच पुढे स्वभाव होतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. ज्याने मुले वाढवली आहेत त्याला हा युक्तिवाद सहज उडवून लावता येणार नाही.

आपल्या नाट्यशास्त्राने या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिले. भरताच्या ग्रंथातल्या पहिल्या अध्यायात एक मोठी मार्मिक कथा आहे. पहिलेवहिले नाटक इंद्रध्वजाच्या उत्सवात झाले आणि त्याचा विषय होता देवांनी दैत्यांवर मिळवलेला विजय. प्रेक्षकांत दैत्यही होते. आपला पराभव रंगवला जात आहे असे पाहून ते खवळले, आणि त्यांच्या बाजूच्या विघ्नांनी नटांची वाचा, हालचाल आणि स्मरणशक्तीच गोठवून टाकली. इंद्राने ध्वजदंड उचलून त्यांना बडवून काढले. परंतु तेवढ्याने भांडण मिटले नाही. शेवटी ब्रह्मदेवाला त्यांची समजूत घालावी लागली. नाट्य हे एकट्या देवांचे नाही आणि एकट्या दैत्यांचेही नाही, त्यात तिन्ही लोकांच्या भावांचे दर्शन असते, असे त्याने त्यांना सांगितले. पहिल्याच प्रयोगाला खलपक्षाने हरकत घ्यावी आणि ती हरकत साक्षात ब्रह्मदेवाने ऐकून घ्यावी, यातच किती शहाणपण आहे!

मुलांना हे शहाणपण शिकवावे लागत नाही. १९५९ साली सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले, तेव्हा चेटकिणीचे काम त्यांनी स्वतः केले. पुढे मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'त दिलीप प्रभावळकरांची चेटकीण गाजली. २०१८ साली ते नाटक पुन्हा आले आणि वैभव मांगले यांची चेटकीण पाहायला नव्या पिढीची मुले लोटली. घरी परतल्यावर मुले चेटकिणीचीच नक्कल करतात, राजकन्येची करीत नाहीत. कारण राग, हावरेपणा, मत्सर हे त्यांच्या घरचेच पाहुणे असतात. एरवी ज्यांना तोंड उघडायची बंदी, त्यांना इथे बोलायची मुभा मिळते, आणि तीही ठराविक वेळेपुरती.

पण मी त्या शिबिराचे सांगत होतो. ताईंनी मुलाचा कंस काढून घेतला नाही. तालमीत तो आधी नुसता ओरडत असे. एके दिवशी त्यांनी त्याला थांबवून विचारले, "वरातीचा रथ कोण हाकतोय?"

"कंस."

"का? राजवाड्यात सारथी नव्हता?"

मुलगा जरा थांबला. "बहीण लाडकी होती म्हणून."

"मग आकाशवाणी ऐकल्याबरोबर तिच्यावरच तलवार का उपसली?"

बराच वेळ तो पायाने फरशी घाशीत राहिला. मग हळूच म्हणाला, "घाबरला तो."

त्यानंतरच्या तालमीत तो ओरडला नाही, आणि त्याचा कंस पहिल्यांदाच खरा भयंकर वाटला. घरी त्याचा हात उगारायचा थांबला की नाही, ते मी विचारले नाही. पंधरा दिवसांच्या नाटकाने स्वभाव पालटतो, असे जाहिरातीत लिहितात. मला एवढेच दिसले की, लाडक्या माणसावर हात उगारला जातो तो कुठून, हे त्या मुलाने स्वतः शोधून काढले. कंसाची भीती कळली म्हणून देवकीच्या सहा बाळांचा हिशेब पुसला जात नाही. समजणे वेगळे आणि माफ करणे वेगळे. हा भेद उपदेशाने कळायला आयुष्य जाते. तालमीत तो अकराव्या वर्षीही कळू शकतो.

तरीही प्लेटोचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. पुन्हा पुन्हा केलेली गोष्ट अंगात मुरते हे खरेच. म्हणून धोका मुलाला एकदा राक्षस करण्यात नाही. त्याच मुलाला दर सुट्टीत राक्षस करण्यात आहे. जाड मुलगा नेहमी बकासुर, सावळी मुलगी नेहमी शूर्पणखा, गोरागोमटा मुलगा नेहमी राम, ही वाटणी अनेक ठिकाणी इतक्या सहजपणे होते की तिच्यातला अन्याय कोणाच्या ध्यानातही येत नाही. बकासुराला तो कळतो, पण बोलता येत नाही.

आणि त्या नेहमीच्या रामाचे काय होते? त्याची काळजी तर कोणीच करीत नाही. आपण जन्मतःच चांगल्या बाजूला आहोत, चूक नेहमी समोर उभ्या असलेल्याची, असे त्याला टाळ्यांच्या गजरात दरवर्षी शिकवले जाते. जगात ज्यांनी मोठे अनर्थ केले, त्यांच्यातल्या फार थोड्यांनी स्वतःला कंस मानले असेल. बहुतेकांची खात्री होती की आपण कृष्ण आहोत. म्हणून मला वाटते, कंस होणाऱ्या मुलापेक्षा सदा कृष्णच होणाऱ्या मुलाला अधिक जपायला हवे. यंदाचा कृष्ण पुढच्या सुट्टीत कंस व्हावा, आणि यंदाच्या कंसाला बासरी मिळावी. प्रयोग थोडा कच्चा झाला तरी चालेल. आईबापांनीही 'मुख्य काम मिळाले का?' याऐवजी 'आज तू कोण होतास, आणि तो तसा का वागला?' असे विचारून पाहावे.

आपली दिवाळीही हेच सुचवीत नाही काय? नरकचतुर्दशीसाठी गोव्यातली पोरे दिवस दिवस खपून केवढाले नरकासुर बांधतात! कृष्ण त्या मानाने लहानसाच असतो. पहाटे नरकासुर जाळला जातो, पण त्याआधी तो आपल्याच हातांनी, मोठ्या हौसेने घडवावा लागतो. आणि घरोघरी अभ्यंगस्नानाच्या वेळी आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो. कोकणात आणि गोव्यात त्याचा कडू रस जिभेलाही लावतात. नरकासुर मेला, एवढेच सांगायचे असते तर ते फळ चिरडून फेकून देता आले असते. वाडवडिलांनी त्याची चव घ्यायला सांगितली, आणि ती घरातल्या प्रत्येकाने घ्यायची असते.