नित्य वस्तूंचे अवधान

अवधान हा शब्द उच्चारताच मन नामस्मरण, ध्यान, एकांत यांकडे धावते. समोरचा पाण्याचा तांब्या त्यात कोठेच बसत नाही. वस्तुतः अवधानाची परीक्षा तेथेच आहे. अद्भुत गोष्ट स्वतःच चित्ताला ओढून घेते, त्यात साधकाचे कर्तृत्व ते काय? जे रोज हाती येते तेच दृष्टीआड होते. म्हाइंभटांनी प्रत्यक्षदर्शी जनांना विचारून लीळा संकलित केल्या, तेव्हा निरूपणाबरोबर वास्तव्य कोठे, आरोगणा कोणाकडे, हेही सांभाळले.

येथे कोणी शंका घेईल की, नित्य वस्तूंत असे लक्ष घालणे म्हणजे त्यांत गुंतणेच नव्हे काय? मग अनासक्ती कोठे राहिली? शंका रास्त आहे. तिचे उत्तर महाडच्या चवदार तळ्याकाठी शोधावे.

या तळ्याचे पाणी स्पृश्य हिंदू भरीत, इतर धर्मीयांना मज्जाव नव्हता, गुरेढोरेही पीत. अस्पृश्य मानलेल्यांना तेवढी बंदी. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पुढे काय घडले? काहीच नाही. घागरी त्याच, वाट तीच. गावात दुष्ट माणसे थोडीच असतील; बहुतेकांना पाणी भरताना काही उणे दिसतच नव्हते, असे आम्हांस वाटते. परंतु हे न दिसणे निर्दोष म्हणता येत नाही. सवय ही डोळ्यांवरची पट्टी खरी, पण ती बांधून घेणारा आपणच असतो.

१९ व २० मार्च १९२७ रोजी तेथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. गावच्या पाणवठ्यांवर पाणी मिळणे अशक्य, म्हणून स्वागत समितीला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे भरलेले, आणि पाणी विकत! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा खर्च आपल्या लेखनात नमूद केला आहे. एवढ्या मोठ्या संग्रामाच्या कथनात पिण्याच्या पाण्याला पडलेले मोल टिपून ठेवणारी ही दृष्टी म्हाइंभटांना परकी वाटली नसती.

२० मार्चला बाबासाहेब व प्रतिनिधी शांतपणे चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी एकशे आठ घागरींत पंचगव्य कालवून तळ्याची 'शुद्धी' केली. आता त्या पाण्याकडे सर्वांचेच लक्ष गेले खरे. मात्र याला अवधान म्हणता येणार नाही. ही आसक्ती होय. आसक्त मनुष्य वस्तूकडे पाहून 'हे माझे' म्हणतो. अवधानी मनुष्याला तीच वस्तू पाहताना तिच्यावाचून राहिलेला आठवतो. रिद्धपुरी मातंगांनी पाण्याची अडचण सांगितली तेव्हा श्रीगोविंदप्रभूंनी त्यांना विहिरीची जागा दाखविली, ही लीळा आपण वाचतो. तिचा अर्थ लावताना महाड विसरू नये.

तळ्याचा वाद न्यायालयात दहा वर्षे चालला. बंदीची प्रथा अनादी आहे, असे वादींचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा ते त्यांना सिद्ध करता आलेले नव्हते.