सोबत्याचे झाकावे की सांगावे?

गेल्या कार्तिकीनंतर पुण्याच्या वेशीबाहेर बांधकाम मजुरांच्या एका वस्तीत आमचे प्रवचन झाले. पत्र्याच्या खोल्या, मध्ये थोडे अंगण, तेवढ्यात शे-सव्वाशे माणसे दाटीने बसलेली. बहुतेक मंडळी मराठवाड्यातली आणि सोलापूरकडची, काही परप्रांतातली. प्रवचन आटोपल्यावर लोक पांगले. एक गवंडी मात्र मागे राहिला. वय पन्नाशीच्या आतबाहेर, गळ्यात माळ, बोटांना सिमेंटने भेगा पडलेल्या. जरा वेळ घुटमळून त्याने विचारले,

“महाराज, सोबत्याचं झाकणं पुण्य का पाप?”

आम्ही म्हटले, “माउली, काय झाकलंत ते आधी सांगा.”

मग त्याने सांगितले ते असे. त्याच्याच गावचा एक सेंटरिंगचा मिस्त्री त्याच्याबरोबर कामाला होता. आधी शनिवारी पगाराला प्यायचा, मग रोज रात्री. पुढे सकाळी हात कापू लागले म्हणून कामावर येण्याआधीच घोटभर घेऊ लागला. आठ महिने या गवंड्याने ते झाकले. मुकादमाला कधी म्हणाला, त्याला ताप आहे. कधी म्हणाला, रात्री जागरण झालंय. त्याच्या वाटणीच्या फळ्याही उचलून दिल्या. एके दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून तो मिस्त्री खाली आला. जीव वाचला, मांडीचे हाड मोडले. “मी त्याची रोजी जाऊ नये म्हणून झाकलं,” गवंडी म्हणाला, “आन् रोजी तर गेलीच, पायही गेला.”

त्या रात्री आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले, भाऊ, जावई याच धंद्यात आहेत; म्हणून ही शंका येथे सर्वांपुढे ठेवतो आणि सुचेल तसे समाधान मांडतो.

प्रथम, तो का झाकत होता हे समजून घेतले पाहिजे. त्याला दोषी ठरवणे सोपे आहे. परंतु रोजंदारीचा माणूस एक दिवस घरी बसला तर त्या दिवसाची चूल थंड राहते. त्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही आणि कामावरून काढले तर फेडता येत नाही. अशा ठिकाणी सोबत्याचे व्यसन बोलून दाखवणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे, असे त्याला वाटले. यात दया होती, हे आम्ही नाकारत नाही.

पण दया कोणापासून काय झाकते, ते पाहिले पाहिजे. माणसाची लाज चारचौघांच्या हसण्यापासून झाकणे हे सज्जनाचे काम आहे. त्याचा आजार औषधापासून झाकणे, हे मात्र त्याला आजाराच्या हवाली करणे होय. गवंड्याने दोन्ही एकाच पदराखाली झाकले, आणि येथेच घोटाळा झाला. शिवाय परांचीवर माणूस एकटा नसतो. वरच्याचा तोल गेला तर खालून घमेले घेऊन चाललेल्या बाईच्या डोक्यावर फळी येते. तेव्हा प्यालेल्याला वर चढू देणे हा केवळ दोघांतला प्रश्न राहत नाही.

आता कोणी म्हणेल, “महाराज, मी सांगायला जाईन, पण मी तरी कुठला धुतल्या तांदळासारखा? मीही पूर्वी घेत होतो. माझ्या तोंडी उपदेश शोभेल का?” ही शंका फार मोलाची आहे, आणि तिचे उत्तर एका खऱ्या हकिकतीत आहे. अमेरिकेत बिल विल्सन नावाचा एक शेअरदलाल दारूने धुळीला मिळाला होता. कशीबशी सुटल्यावर त्याने न्यूयॉर्कमध्ये कित्येक दारुड्यांना उपदेश केला. एकही सुधारला नाही. १९३५ च्या मे महिन्यात तो धंद्याच्या कामासाठी अॅक्रन या गावी गेला. काम फसले आणि परक्या गावात त्याला पुन्हा दारूची ओढ लागली. तेव्हा त्याने स्वतःला वाचवण्यासाठी बोलायला दुसरा एखादा दारुडा शोधला. भेटला तो बॉब स्मिथ नावाचा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. या वेळी त्याने उपदेश केला नाही, आपली फजिती सांगितली. त्या डॉक्टरने १० जून १९३५ रोजी शेवटचा पेला घेतला असे मानतात, आणि त्या दिवसापासून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही मंडळी आपला आरंभ मोजते. आज तिच्या बैठका आपल्या महाराष्ट्रातही भरतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रातही व्यसनातून बाहेर आलेलेच कित्येकजण आज दुसऱ्यांना हात देतात.

तात्पर्य, जो कधी पडला नाही त्याचे बोलणे वरून येते, आणि पडलेल्याला ते टोचते. जो पडून उठला आहे तो शेजारी बसून बोलतो. म्हणून “मीही घेत होतो” ही अडचण समजू नये; बोलायला तेच भांडवल आहे. सांगणाऱ्याचाही त्यात लाभ आहे, कारण दुसऱ्याला सांगताना आपला निश्चय आपल्यालाच पुन्हा ऐकू येतो.

दुसरी शंका माळकऱ्यांची. “आम्ही माळ घातलेली माणसं. दारुड्याशेजारी बसायचं कसं?” माळ घालताना आपण दारू वर्ज्य केली, माणूस वर्ज्य करण्याचे वचन दिलेले नाही. माळ हा ज्याचा त्याचा नेम आहे. तिचा तराजू करून दुसऱ्याला तोलू लागलो, तर तो बिचारा आपल्याला पाहताच तोंड लपवील, आणि मग ऐन गरजेला त्याला कोणाचे दार उरणार? ज्याची माळ सुटली त्यालाच आपण जास्त बोलतो, असा आमचा अनुभव आहे. वास्तविक त्याच्या मनाला आधीच दुप्पट टोचणी असते.

तिसरी शंका, “नामस्मरण करायला लावले की सुटेल, डॉक्टर कशाला?” नामाने मनाला बळ येते, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जो बरीच वर्षे रोज भरपूर पीत आला आहे, त्याने एकाएकी दारू बंद केली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. अशा माणसाला शपथ घालून खोलीत कोंडणे धोक्याचे आहे. त्याला दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावे. ताप आला तर आपण काढा घेतोच ना, मग येथे औषधाला हरकत का?

आणि दारूच्या मागे पुष्कळदा दुसरे दुःख लपलेले असते. घरापासून लांब, अंग ठेचलेले, पत्र्याखाली उकाड्याने झोप नाही, डोक्यावर देणे, आणि बोलायला कोणी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्या नोंदल्या; त्यांपैकी ४२,००४ माणसे रोजंदारीवर जगणारी होती. म्हणजे दर चारांमागे एक. हे सगळे बांधकामावरचे नव्हेत. पण नाक्यावर उभा राहणारा मजूर याच लोकांतला आहे.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात बांधकामाच्या धंद्यात असेच मृत्यू फार होतात असे आढळले, म्हणून तेथे २००८ साली मालक आणि कामगार संघटना यांनी मिळून ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ ही व्यवस्था सुरू केली. मेट म्हणजे सोबती. कामावरच्या सर्वांना थोडी समज द्यायची. त्यांतून काही सोबत्यांना जास्त शिकवायचे. ज्याला अडचण आहे त्याने त्यांच्याशी बोलावे, त्यांनी त्याला सुरक्षित ठेवून जाणत्या माणसापर्यंत पोचवावे, एवढेच काम. वैद्यकी त्यांनी करायची नाही. आपल्याकडे एखाद्या साइटवर मुकादम, ठेकेदार आणि चार वडीलधारे मिस्त्री एकत्र बसले, तर एवढे करणे अशक्य नाही. ठेकेदाराने एक शब्द द्यावा, की जो आपण होऊन सांगेल त्याला काढणार नाही, त्या दिवशी खालचे काम देईन आणि उपचार करून आला की परत घेईन. हा शब्द मिळाला की झाकण्याचे निम्मे कारण संपते.

तर सोबत्याने करावे काय? आम्हांला सुचते ते असे. चारचौघांत बोलू नये, चहाच्या वेळी बाजूला घ्यावे आणि पाहिले तेवढेच सांगावे: “दादा, चार दिस बघतोय, तुझे हात कापतात. काय झालंय?” मग गप्प राहून ऐकावे. नशेत असेल तर वाद घालू नये, पण वर चढू देऊ नये; त्यासाठी भांडण झाले तरी चालेल. जगण्याला कंटाळल्याची भाषा करत असेल तर सरळ विचारावे, “जीव द्यायचं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार मनात घुसतो, ही समजूत खरी नाही, उलट मोकळे होण्याला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, आणि अशा वेळी गुप्ततेचे वचन बाजूला ठेवावे. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सेवा चालू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येते, मराठीतही. आणि सोडलेला माणूस पुन्हा प्याला, तर “संपलं” म्हणू नये. पुन्हा पडणे हे या आजारात वारंवार घडते. जसे पहिल्यांदा उठवले तसेच पुन्हा उठवावे. सगळा भार मात्र एकट्याने घेऊ नये, नाहीतर उचलणाराच खचतो.

आषाढीच्या वाटेवर हे आपण दरवर्षी करतो. दिंडीत ज्याच्या पायाला फोड येतात त्याचे गाठोडे दुसरा घेतो. पण फोड आलेच नाहीत असे कोणी म्हणत नाही. पाय बघतात, पट्टी बांधतात, चालवत नसेल तर गाडीत बसवतात. त्या गवंड्याने गाठोडे घेतले, पाय बघायचे राहिले. त्याचे पुण्य आणि त्याची चूक, दोन्ही त्यातच आली.

पुढे माघात तो पुन्हा भेटला. गावी जाऊन मिस्त्रीला पाहून आला होता. आम्ही विचारले, “काय म्हणाला?” गवंडी बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “रागावला न्हाई महाराज. एवढंच म्हणला, तुला समदं ठावं होतं, तर एकदा तरी मला बोलायचंस.”

वाचकहो, आपल्या ओळखीत असा कोणी असेल, तर हे वाक्य आपल्याला ऐकावे लागण्याआधी त्याच्याकडे जाऊन या.