तडजोड कुठवर?



निवडणूक आली की आपल्या वाडीतली शांतता संपते. एका रिक्षावरचा भोंगा वळणापलीकडे जातो न जातो तोच दुसरा येतो. रविवारची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात जे घोळके उभे राहतात, त्यांच्यातही मग दुसरा विषय नसतो. अशाच एका घोळक्यात आम्ही उभे होतो. एक आजोबा म्हणाले, "मतपत्रिकेवर शिक्का मारायचो तेव्हापासून आमचं चिन्ह एकच. उमेदवार कोण, ते कधी पाहिलंच नाही." शेजारच्या मुलीने विचारले, "आजोबा, पण तुमचं चिन्ह आता कुणाकडे आहे?" सगळे हसले. आजोबा मात्र हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "बाय, या वेळी मी जाणारच नाही."

आजोबांचा वैताग आपल्यापैकी अनेकांचा आहे आणि त्याला कारणही आहे. 2019 साली महाराष्ट्राने मतदान केले ते दोन आघाड्यांकडे पाहून. निकालानंतर महिनाभरात निवडणूकपूर्व युती मोडली, 23 नोव्हेंबरच्या पहाटे एक शपथविधी झाला, ते सरकार चार दिवसही टिकले नाही आणि 28 नोव्हेंबरला तिसरेच सरकार आले. 2022 साली एक पक्ष फुटला, 2023 साली दुसरा. चिन्हे आयोगापुढे वादात गेली. यात कोण बरोबर, कोण चूक हे सांगणे या पत्रकाचे काम नाही. प्रत्येक बाजूने आपली कारणे दिली. पण ज्याने मत दिले त्याला कुणीच विचारले नाही, हे खरे आहे.

म्हणून आपण चटकन म्हणतो, "सगळे तडजोडवाले." इथे जरा थांबायला हवे. तडजोड म्हणजे नेहमीच बेइमानी असते का? घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. भावाभावांत जमिनीची वाटणी होते तेव्हा प्रत्येकाला चार पावले मागे यावे लागते. जो एक पाऊलही मागे येत नाही, तो कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आणि पुढच्या पिढीला भांडण देऊन जातो.

1932 साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर असाच प्रसंग उभा राहिला. अस्पृश्य समाजासाठी मिळालेले स्वतंत्र मतदारसंघ त्यांना सोडावे लागले. 24 सप्टेंबरच्या पुणे कराराने त्या बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा 71 वरून 148 झाल्या. हा करार बाबासाहेबांना सुखाचा नव्हता. त्याबद्दलची नाराजी ते पुढे अनेक वर्षे उघडपणे मांडत राहिले. पण त्यांनी काय सोडले, कशासाठी सोडले आणि त्यांच्यावर दडपण कशाचे होते, हे सर्वांसमोर होते. लोकांपासून काही लपलेले नव्हते.

आता दुसरे उदाहरण. संत थॉमस मोर हे इंग्लंडच्या राजाचे चॅन्सलर. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2000 साली त्यांना राजकारण्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. हट्टी माणूस म्हणून आपण त्यांच्याकडे पाहतो, पण ते तसे नव्हते. राजाचा वारस कोण हे ठरवण्याचा हक्क पार्लमेंटला आहे, तेवढ्यापुरती शपथ घ्यायला ते तयार होते. जिथे गप्प राहून भागत होते तिथे ते गप्प राहिले. मात्र शपथेच्या ज्या शब्दांना मन साक्ष देईना, ते शब्द त्यांनी उच्चारले नाहीत आणि 6 जुलै 1535 रोजी प्राण दिले. जिथवर वाकता येते तिथवर ते वाकले आणि कुठे थांबायचे हे त्यांना ठाऊक होते.

यावरून आम्हांला तीन प्रश्न सुचतात. जे सोडले ते कुणाचे होते? नेत्याने आपला मान सोडला की मतदाराला दिलेला शब्द सोडला? कुणाच्या भल्यासाठी सोडले? आणि उघडपणे, कारण सांगून सोडले, की रात्रीतून?

पक्षनिष्ठेलाही हेच लागू आहे. 1985 साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. 2003 साली एकतृतीयांश फुटीची पळवाट बंद करण्यात आली. तरी पक्ष फुटायचे थांबले नाहीत. शिवाय याच कायद्यामुळे प्रामाणिक आमदारालाही पक्षादेशाविरुद्ध मत देणे अवघड होते. म्हणजे निष्ठा कायद्याने बांधता येत नाही आणि बांधली तर कधी कधी सद्सद्विवेकही बांधला जातो. पक्ष हे साधन आहे. चांगले काम करतो तोवर त्याच्याशी निष्ठा राखण्यात गैर काही नाही. पण केवळ सवयीने दिलेले मत हे नेत्याला दिलेले अभय असते.

मग घरी बसावे का? 2013 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे 'नोटा' आले. 2019 साली लातूर ग्रामीणमध्ये नोटाला 27 हजारांच्या आसपास मते पडून ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. तो राग निदान मोजला गेला. घरी बसलेल्याचा राग मात्र कुणी मोजत नाही. त्याला आळस समजून सगळे विसरतात.

उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात त्याच्यावरील गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण लिहिलेले असते. घरातल्या मुलांना ते मोबाइलवर काढायला सांगावे आणि जेवणानंतर एकत्र बसून वाचावे. उमेदवार दारात आला तर त्याला चहा द्यावा, पाण्याचे विचारावे आणि हेही विचारावे, "निवडून आल्यावर पक्ष बदलायची वेळ आली, तर आधी आमच्याकडे याल का?" उत्तर काहीही येवो, विचारले गेले हे तो विसरणार नाही.

मतदानाचा दिवस संपला तरी आपले काम संपत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी आवाज उठवला तो कुठल्या पक्षाचे उमेदवार म्हणून नव्हे.

आणि आजोबा, मतदानाच्या दिवशी सकाळी आम्ही तुम्हांला न्यायला येऊ. बटण कुठले दाबायचे ते आम्ही विचारणार नाही. तुम्ही मात्र या वेळी चिन्हाशेजारचे नावही वाचा.