प्रामाण्य आणि पाचवा उपग्रह

ज्ञान उत्पन्न होताच ते प्रमाण मानावे आणि त्याचा बाध करणारे दुसरे ज्ञान पुढे आले तरच ते टाकावे, असे मीमांसक म्हणतात. नैयायिकांना हा भोळेपणा वाटतो, कारण त्यांच्या मते ज्ञानाची सत्यता, त्याच्या आधारे केलेली प्रवृत्ती सफल झाली की नाही यावरून, म्हणजे बाहेरून, ठरते. स्वतःप्रामाण्य आणि परतःप्रामाण्य यांचा हा वाद आज पाठशाळांतूनही क्वचितच ऐकू येत असला, तरी उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती करणारे रिसीव्हर जे घडवतात आणि पारखतात, त्या अभियंत्यांना तो, त्याचे नावही न घेता, नित्य सोडवावा लागतो.

तीन दिशांतील स्थान आणि स्वतःच्या घड्याळाची चूक, एवढ्या चार राशी काढायला चार उपग्रह पुरतात. परंतु त्यांपैकी एकाने खोटी साक्ष दिली, तर ती पकडण्याचा मार्ग चौघांच्या जबान्यांत सापडत नाही. पाचवा आला की विसंगती उघडी पडते, आणि सहावा असेल तर दोषी कोण हेही ठरवता येते. मोटारीतला रिसीव्हर उंच इमारतीवर आपटून आलेली लहर सरळ आलेली समजून गाडी शेजारच्या गल्लीत दाखवतो, आणि चालक ते मनावर घेत नाही. विमानाला ही मुभा नाही. भारताच्या ‘गगन’सारख्या व्यवस्थेत जमिनीवरील केंद्रे उपग्रहांची अखंड झडती घेत असतात, आणि विमानातील रिसीव्हर स्थानाबरोबरच आपली चूक कुठवर जाऊ शकेल याचाही हिशेब ठेवतो; तो हिशेब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की आपल्यावर विसंबू नये अशी कबुली त्याने काही सेकंदांच्या आत दिली पाहिजे. ही विद्या पुष्कळ शास्त्रीपंडितांनाही साधलेली नाही.

परीक्षणाची खोली याहून विलक्षण असते. तेथे कृत्रिम उपग्रहसंकेत निर्माण करणाऱ्या यंत्रापुढे टेबलावर निश्चल पडलेला रिसीव्हर, आपण दहा हजार मीटर उंचीवरून उडत आहोत असे निःशंकपणे सांगतो. सगळ्या साक्षी जुळतात, बाधक ज्ञान एकही नाही, आणि तरी सारे मिथ्या. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात, नोव्होरोसिस्क बंदराजवळच्या जहाजांना हाच अनुभव प्रयोगशाळेबाहेर आला: त्यांच्या रिसीव्हरांनी त्यांना गेलेंजिकच्या विमानतळावर नेऊन ठेवले. एकच मुख अनेक आवाजांत बोलू लागले, तर साक्षींची एकवाक्यता हा पुरावा उरत नाही. भोवतालचे पाणी पाहणारा खलाशी हीच तेथे कसोटी, आणि म्हणून मला नैयायिकाची बाजू उजवी वाटते.

रेल्वेने तीच धरली आहे. लगतच्या दोन मार्गांत अंतर चार-पाच मीटरांचे, साध्या रिसीव्हरची चूकही जवळपास तेवढीच, आणि गाडी कोणत्या मार्गावर आहे यावर शेकडो प्रवाशांचे प्राण अवलंबून. म्हणून गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ प्रणालीत रुळांमधल्या स्लीपरांवर आरएफआयडी टॅग बसवलेले असतात. इंजिन आपला ठावठिकाणा त्यांच्यावरून घेते, आणि उपग्रहांकडून मुख्यतः घड्याळ जुळवून घेते.