थराला तारीख हवी

क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा लेयर, म्हणजे थर, टाकायला दोन क्लिक पुरतात. कृष्णेचं पात्र, गावांच्या सीमा, गट नंबर, उपग्रहाचं छायाचित्र, पूररेषा असे थर एकावर एक चढत जातात आणि प्रत्येक जण आपापल्या जागी चपखल बसतो. मला काळजी वाटते ती या चपखलपणाची. सगळे थर एका पडद्यावर आले की सारखेच खरे वाटू लागतात. साखळी ओढून केलेली जुनी मोजणी आणि काल उतरवलेलं छायाचित्र यांच्यातला फरक रंगात कुठेच दिसत नाही.

सांगलीचंच बघा. सांगलीकर पूर फुटांत मोजतो. 1929 च्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 फुटांवर धोका. पावसाळ्यात गावभर एकच प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती?’ त्या आकड्यावरून सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता इथली माणसं सामान माडीवर चढवायचं की घर सोडायचं ते ठरवतात.

हे शहाणपण नकाशावर आणायचं, तर जमिनीच्या उंचीचा थर लागतो. फुकट आणि सहज मिळतो तो अमेरिकी अंतराळयानातून फेब्रुवारी 2000 मध्ये रडारनं केलेल्या मोजणीचा. त्यात साधारण 30 मीटरच्या चौकोनाला मिळून एकच उंची, तीही पूर्ण मीटरमध्ये. मीटर म्हणजे सव्वातीन फूट. इशारा आणि धोका यांच्यात अंतर 5 फुटांचं, म्हणजे या थराच्या जेमतेम दीड पायऱ्या! शिवाय झाडी आणि छपरं यांची उंची त्यात जमिनीच्या उंचीत मिसळलेली असते, त्यामुळे चूक काही मीटरांची असू शकते. आणि आयर्विनच्या पट्टीवरचा शून्य हा काही समुद्रसपाटीचा शून्य नव्हे. हे दोन शून्य आधी जुळवावे लागतात. सॉफ्टवेअर यातलं काहीच विचारत नाही. कुठल्या गल्लीत पाणी येणार हे ते निळ्या रंगात, घराच्या उंबऱ्यापर्यंत दाखवून मोकळं होतं. तो रंग बघून कुणी घरात थांबलं तर?

पूररेषांचंही असंच. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असा आपल्याकडचा हिशेब. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ इतकाच, की असा पूर कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का आहे. तो टक्का तोवरच्या नोंदींवरून काढलेला असतो. सांगलीनं 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर सोळा वर्षांत सोसले. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. एवढी मोठी नोंद हाती आल्यावर जुनं गणित पुन्हा मांडावंच लागतं. म्हणून 2005 च्या आधीच्या नोंदींवर आखलेली रेषा आणि 2019 नंतरची रेषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोन्ही लालच असतात, आणि प्लॉट घेणारा फक्त आपण रेषेच्या आत की बाहेर एवढंच बघतो.

नकाशा जिल्ह्याच्या हद्दीवर कापायची सवय तर मला सर्वांत घातक वाटते. जिल्ह्याचं काम, म्हणून प्रत्येक थर जिल्ह्यापुरता छाटायचा. पण सांगलीचा पूर तयार होतो साताऱ्यात, महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरांत. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते ती पाठीशी 105 टीएमसीचं धरण घेऊन. पुढे हरिपूरला वारणा येते आणि जिल्हा ओलांडल्यावर नृसिंहवाडीला पंचगंगा. हद्दीवर कापलेल्या नकाशात नदी कोऱ्या जागेतून येते आणि कोऱ्या जागेत जाते. आणि जिल्हा हेच एकक धरून अख्ख्या साताऱ्याला पावसाचा एकच सरासरी रंग दिला, तर महाबळेश्वरचे पाच हजारांहून अधिक मिलिमीटर आणि माण तालुक्यातल्या म्हसवडकडचे पाचशेच्या आसपास, यांच्या सरासरीतून असा पाऊस निघतो जो दोन्हीकडे पडत नाही. माणमधल्या शेतकऱ्याला त्या रंगाचा काय उपयोग?

म्हणून थर नकोत असं मी म्हणणार नाही. धरणातला विसर्ग, घाटातला पाऊस, पात्रातली बांधकामं आणि पुलावरचे फूट एकावर एक ठेवल्याशिवाय कृष्णेचं खोरं समजणार नाही, आणि हे काम कागदावर कधीच इतकं सोपं नव्हतं. माझा आग्रह तारखेचा आहे. प्रत्येक थरासोबत तो कुणी केला, कधी, कशानं मोजला आणि किती चुकू शकतो हे नकाशावरच छापलेलं हवं. मेटाडेटाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात ते पुरलेलं असेल, तर पूरग्रस्त वस्तीतला माणूस तिथवर पोचत नाही.

आणि एक थर आपणच करण्यासारखा आहे. पूर ओसरल्यावर घरांच्या, देवळांच्या, दुकानांच्या भिंतींवर पाण्याची रेघ उरते. काही घरांत ती अजून जपलेली आहे, कुठे 2005 ची खाली आणि 2019 ची वर. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी लेव्हल यंत्र घेऊन गल्लोगल्ली ती मोजावी. प्रत्येक खुणेपुढे जागा, समुद्रसपाटीपासूनची उंची, पुराचं वर्ष, त्या दिवशीचे आयर्विनचे फूट आणि मोजणाऱ्याचं नाव लिहावं. यातून त्या दोन शून्यांचा मेळही बसेल आणि रडारचा थर कुठे किती चुकतो तेही कळेल. दर दिवाळीला भिंतींना रंग लागतो आणि आणखी काही खुणा पुसल्या जातात, तेव्हा हे या उन्हाळ्यातच व्हायला हवं.