सदृश

आज डोळे मिटायचे नाहीत. उघडेच ठेवा. गॅलरीत तुळस असेल तर तिचं एक पान खुडून तळहातावर घ्या. घाई नाही.

पान उलटं करा, उजेडाकडे तिरकं धरा. शिरांवर, देठावर बारीक लव दिसेल. आता दोन बोटांत हलकेच चुरडा आणि नाकाशी न्या. हा वास पानावरच्या सूक्ष्म ग्रंथी फुटल्याचा. गांजाचा उग्र दर्पही अशाच ग्रंथींतून येतो. श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता मनाने मुंबईत कलिन्याला चला, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत. टेबलावर लाखेचं सील लावलेलं पाकीट आहे. आत दंडाधिकाऱ्यांसमोर काढलेला २४ ग्रॅमचा नमुना, वाळलेला, हिरवट-करडा पाला. कागदावर शब्द आहे ‘गांजासदृश’.

या शब्दापाशी थांबा. सदृश. म्हणजे तसा दिसणारा. अजून तो ठरलेला नाही. कायद्याच्या कागदांतला इतका प्रामाणिक शब्द मला दुसरा ठाऊक नाही.

आधी सील नमुना-मोहरेशी जुळतं का ते पाहायचं. मग चिमूटभर पाला काचपट्टीवर. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. पानाच्या वरच्या बाजूला आखूड, वाकडे केस दिसतात, अस्वलाच्या नखांसारखे. प्रत्येकाच्या फुगीर बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे आपल्या चुनखडीचाच, एक कण. काचेच्या कडेने विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडा. तो आत सरकतो. केसाच्या बुडाशी पोहोचतो. बुडबुडा येतो. मग दुसरा.

त्या बुडबुड्याकडे पाहत राहा. ‘सापडलं!’ असं मन म्हणेल. म्हणू द्या, पण जागेवरून उठू नका. दारातल्या वडाच्या पानातही चुन्याचे असे खडे असतात, आणि आम्ल लागलं की तेही फसफसतात. म्हणून केसाची घडण पाहायची, पानाच्या खालच्या बाजूचे लांब, सडपातळ केस पाहायचे, देठावर उभ्या राहिलेल्या राळेच्या ग्रंथी पाहायच्या.

आणि शेंडे शोधायचे. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा गांजा म्हणतो तो फुलोऱ्याच्या किंवा फळं धरलेल्या शेंड्यांना. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत बसत नाहीत. झाड तेच, तरी नाव वेगळं. हा फरक चिमट्याच्या टोकावर तोलायचा असतो.

पुढे रसायनांचं काम. अर्कावर व्हॅनिलीन, ॲसिटाल्डिहाइड आणि तीव्र आम्ल घातलं की परीक्षानळीत जांभळा रंग चढतो. तरी थांबायचं. वरून क्लोरोफॉर्म घालून हलवायचं, नळी उभी ठेवायची आणि थर वेगळे होईपर्यंत वाट पाहायची. जांभळा रंग खालच्या थरात उतरला तर आणखी एक खूण मिळाली, एवढंच. पातळ थर वर्णलेखनाच्या पट्टीवर टीएचसीचा, म्हणजे गांजातल्या नशेच्या द्रव्याचा, लाल ठिपका, वायू वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपट यांची साक्ष अजून बाकी असते.

इतकं हळू का, असं वाटलं तर कोठडीत बसलेल्या माणसाकडे मन न्या. माल १ किलोहून कमी असेल तर शिक्षा जास्तीत जास्त एक वर्षाची. २० किलोहून जास्त असेल तर किमान १० वर्षं, २० वर्षांपर्यंत. त्याची आई रोज वकिलाला विचारते, सी. ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आला का? तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या काचपट्टीवर आहे, एका केसाच्या बुडाशी. म्हणून पाहणाऱ्याने लवकर पाहावं असं मला वाटतं, पण अर्धवट पाहू नये असं त्याहून जास्त वाटतं.

तळहातावरचं पान आता कुंडीत टाका. बोटांना वास राहील, राहू द्या. उद्या पेपरात कुणाकडे गांजा सापडल्याची बातमी वाचाल. अहवाल येईपर्यंत तुम्हीही ‘सदृश’च म्हणा.