मिठीच्या काठावर

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझमध्ये चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि नदीचं पात्र किती आवळलं गेलंय ते मुंबईने सोसलं. पात्र मोकळं व्हायलाच हवं. पुराचं पाणी पहिल्यांदा शिरतं तेही काठावरच्याच झोपडीत.

पण तिथून उठवलेली माणसं जातात कुठे? अशीच उठवलेली तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी पाठवली गेली. जलवाहिनी सुरक्षित झाली, माणसांच्या वाट्याला दूषित हवा आली. तिथे राहायची सक्ती करता येणार नाही, हे 2019 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

1985 च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला होता. धुणीभांडी करणारी बाई दूर फेकली गेली की तिची कामं सुटतात, मुलांची शाळाही. म्हणून नदीच्या आराखड्यात संरक्षक भिंतीच्या आधी जवळच्या घरांची जागा लिहिलेली असावी. आणि ती घरं मिळेपर्यंत काठावर शौचालय हवं, कचरागाडी रोज यायला हवी. नदीही त्यानेच थोडी स्वच्छ राहील.